दुसरा कशाला?

गेल्या पावसाळ्यात एका आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होता, ‘युद्ध संपवण्यासाठी अणुबॉम्बचा वापर समर्थनीय होता’. सभागृहाच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की संयोजकांना ध्वनिक्षेपकाचा आवाज पुन्हा पुन्हा वाढवावा लागत होता. अनुकूल बाजूने बोलायला उभी राहिलेली मुलगी हातात कागदाचा चिटोराही न घेता बोलली. उच्चार स्वच्छ होते, मांडणी नेटकी होती आणि नेमके कुठे थांबायचे हे तिला ठाऊक होते. शेवटाकडे येताना ती म्हणाली, “दोन शहरांत मिळून दोन लाख माणसे मेली, हे खरे आहे. पण बॉम्ब पडला नसता तर दहा लाख अमेरिकी सैनिक मेले असते, आणि जपानी किती मेले असते याची तर गणतीच नाही. आता तुम्हीच सांगा, दोन लाख मोठे की दहा लाख?” टाळ्यांनी क्षणभर पावसाचा आवाजही झाकला. तिच्यानंतर प्रतिकूल बाजूचा मुलगा उभा राहिला. तो जळालेल्या शहरांविषयी आणि हिरोशिमाच्या आजारी सदाकोने घडवलेल्या कागदी पक्ष्यांविषयी बोलला, बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला आणि टाळ्या त्यालाही मिळाल्या. निकाल लागला, चहा झाला, आम्ही सगळे आपापल्या वाटेने गेलो. त्या मुलीचा प्रश्न मात्र माझ्यासोबत घरी आला. दोन लाख मोठे की दहा लाख? त्या प्रश्नाचे एक उत्तर मी अगदी लहानपणापासून, दर मे महिन्याच्या सुट्टीत, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर ऐकत आलो होतो.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ मराठा पलटणीत होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. दुपारची झोप झाली की ते ओसरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत, आणि आम्ही पोरे भोवती जमलो की लढाईच्या गोष्टी निघत. त्या गोष्टींचा शेवट ठरलेला असे. “बाँब पडला म्हणून माघारी आलो,” ते म्हणत, “न्हाईतर तिकडंच मातीत गेलो असतो.” लढाईवरून आल्यावर त्यांचे लग्न झाले, माझे दोन काका आणि एक आत्या नंतरच्या, त्यांची मुले म्हणजे आमच्याच बरोबरीची, आणि ती सगळी त्या ओसरीवर कैऱ्या खात नानांचे हे वाक्य ऐकत असत. त्या घरात अणुबॉम्ब हा शब्द कुणी भीतीने उच्चारत नसे. हिरोशिमाने आमच्या घरात माणसे दिली होती, आणि पुढे पुस्तकांतून मला जी हिरोशिमा भेटली तिची या ओसरीवरच्या हिरोशिमाशी सांगड घालणे मला कित्येक वर्षे जमले नाही.

नानांचे म्हणणे पोकळ नव्हते. त्यांची पलटण २३ व्या भारतीय डिव्हिजनमधली, इंफाळच्या डोंगरात जपान्यांशी लढलेली. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये मलायाच्या पश्चिम किनाऱ्यावर फौज उतरवण्याचा बेत ठरला होता, त्याला ‘झिपर’ असे सांकेतिक नाव होते, आणि त्या बेतात ही डिव्हिजन होती. दरम्यान जपानने शरणागती पत्करली, तरी ठरल्याप्रमाणे ९ सप्टेंबरला मोरिबच्या किनाऱ्यावर फौज उतरली. वरून वाळू दिसणाऱ्या त्या किनाऱ्याखाली चिखल होता आणि गाड्या त्यात रुतून बसल्या. आधी उतरलेल्यांकडून ऐकलेली ही हकिगत सांगताना नाना कोपरापर्यंत हात दाखवून चिखल किती खोल होता ते सांगत. त्या रुतलेल्या गाड्यांवर झाडीतून गोळीबार झाला असता तर काय झाले असते, हे इंफाळ पाहिलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. अमेरिकी सैनिक जपानच्या क्युशू बेटाच्या किनाऱ्यावर उतरण्याचा विचार करून सुटकेचा श्वास सोडत होते, तेव्हा आपल्याकडची हजारो माणसेही तोच श्वास सोडत होती. आपल्या चर्चांमध्ये ही माणसे क्वचितच येतात.

त्या उन्हाळ्यात एकेका दिवसाला किंमत होती, हेही मान्य करावे लागते. अंदमानात जपान्यांचा अंमल होता, आणि १९४५ च्या ऑगस्टमध्येच तिथल्या शेकडो भारतीयांना बोटींत भरून हॅवलॉक बेटाकडे नेऊन समुद्रात ढकलण्यात आले. त्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक जगले. सिंगापूरच्या पाडावात पकडलेले आपले कित्येक सैनिक न्यू गिनीच्या जंगलात उपासमारीने मरत होते. चीनमध्ये तर मरणाला खंडच नव्हता. युद्ध एक महिना आधी संपणे याचा अर्थ या माणसांसाठी काय होता, ते त्यांनाच ठाऊक. म्हणून बॉम्बने युद्ध संपवले असे समाधानाने म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी निर्दय ठरवू शकत नाही. नानांना तर नाहीच नाही.

पण त्या मुलीचा आकडा मला स्वस्थ बसू देईना. दहा लाख हे येतात कुठून? १८ जून १९४५ रोजी व्हाइट हाउसमध्ये जपानवरील स्वारीचा विचार करायला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन आणि त्यांचे सेनाधिकारी बसले होते. १ नोव्हेंबरला क्युशूवर उतरायचे, असा प्रस्ताव होता. लुझॉन, इवो जिमा, ओकिनावा इथल्या हानीची तुलना झाली, पण दहा लाख हा आकडा त्या बैठकीत ठरला नाही. तो लोकांच्या मनात पक्का बसला तो फेब्रुवारी १९४७ मध्ये, जेव्हा युद्धमंत्रिपदावरून निवृत्त झालेल्या हेन्री स्टिमसन यांनी एका मासिकातल्या लेखात अमेरिकी फौजेची दहा लाखांहून अधिक हानी होण्याचा अंदाज आपल्याला सांगण्यात आला होता, असे लिहिले. त्या हानीत मेलेले आणि जखमी झालेले असे दोन्ही धरलेले होते. वक्तृत्वाच्या व्यासपीठापर्यंत येईतो जखमी गळून पडले आणि सगळेच मेलेले झाले. स्वारी झाली असती तर संहार भयंकर झाला असता, याबद्दल मला शंका नाही. ओकिनावाच्या एका बेटावर बारा हजारांच्या आसपास अमेरिकी, लाखभर जपानी सैनिक आणि जवळपास तितकेच सामान्य नागरिक मेले होते. मला बोचते ते दुसरेच. दोन लाख एका पारड्यात आणि दहा लाख दुसऱ्या पारड्यात घालून कुणीतरी जड मनाने निर्णय घेतला, असे चित्र ती मुलगी उभे करत होती. असा तराजू त्या उन्हाळ्यात कुणी हातात धरलाच नव्हता.

हे माझ्या ध्यानात यायला नानांचाच एक प्रश्न कारणीभूत झाला.

मी महाविद्यालयात असताना एकदा त्यांच्याशी बोलता बोलता नागासाकीचे नाव घेतले. अडकित्ता थांबला. “ते काय?” मी सांगितले की बॉम्ब दोन पडले, एक हिरोशिमावर ६ ऑगस्टला आणि एक नागासाकीवर ९ ऑगस्टला. छावणीत त्यांच्या कानावर एकाच बॉम्बची बातमी आली होती, आणि पुढची सगळी वर्षे त्यांनी त्या एकाच बॉम्बचे उपकार मानले होते. ते काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “दुसरा कशाला?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला गेलो, तेव्हा जे हाती लागले ते हिशेबापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे होते. २५ जुलै १९४५ रोजी वॉशिंग्टनहून जनरल हँडी यांच्या सहीने हवाई दलाच्या जनरल स्पाट्झ यांना एक लेखी हुकूम गेला. ३ ऑगस्टच्या सुमारास हवामान अनुकूल होताच हिरोशिमा, कोकुरा, निगाता आणि नागासाकी यांपैकी एका शहरावर पहिला विशेष बॉम्ब टाकावा, आणि पुढचे बॉम्ब जसजसे तयार होतील तसतसे टाकावेत, असे त्यात होते. म्हणजे दुसऱ्या बॉम्बसाठी कुणाला नव्याने विचारायचे नव्हते. हिरोशिमाची बातमी जपानी सरकारच्या पचनी पडली का, ते काय ठरवते आहे, याची वाट पाहण्याची अटही त्या हुकुमात नव्हती. त्याच २५ जुलैला ट्रुमन यांनी आपल्या रोजनिशीत लिहिले की हे शस्त्र लष्करी ठिकाणांवर, सैनिकांवर आणि खलाशांवर वापरले जाईल, बायकामुलांवर नाही. हुकुमात शहरांची नावे होती आणि रोजनिशीत सैनिक. एकाच तारखेचे हे दोन मजकूर मी शेजारी शेजारी ठेवून वाचतो, तेव्हा रोजनिशी लिहिणारा माणूस खोटारडा होता असे मला वाटत नाही. आपण काय करतो आहोत हे त्याने स्वतःला नीट पाहू दिले नव्हते, असे वाटते.

दुसरा बॉम्ब मुळात ११ ऑगस्टला टाकायचा होता. हवामान बिघडणार असे अंदाज आले म्हणून बॉम्बची विमाने जिथून उडत त्या टिनियन बेटावरच्या लोकांनी तो दोन दिवस अलीकडे, ९ तारखेला घेतला. विमान निघाले ते कोकुराकडे. तिथे आकाश धुरकट होते, आदल्या दिवशी शेजारच्या यावातावर झालेल्या बॉम्बफेकीचा धूर तिकडे पसरला असावा असेही म्हणतात. तीन फेऱ्या मारूनही लक्ष्य दिसेना. इंधन कमी होत चालले होते. मग विमान नागासाकीकडे वळले, तिथेही ढग होते, शेवटी ढगांत एक फट मिळाली आणि ११ वाजून २ मिनिटांनी उराकामीच्या खोऱ्यावर बॉम्ब फुटला. जपानमधल्या कॅथलिक ख्रिस्ती लोकांची ती जुनी वस्ती होती आणि तिथले मोठे चर्च पार कोसळले. कोकुराची माणसे धुरामुळे वाचली आणि उराकामीची माणसे ढगांतल्या एका फटीमुळे मेली. वर्ष संपेपर्यंत तिथला मृतांचा आकडा ७० हजारांच्या पुढे गेला होता. यात युद्ध संपवण्याचा विचार नेमका कुणी आणि कोणत्या क्षणी केला?

त्याच सकाळी टोकियोत युद्ध चालवणाऱ्या सहा जणांची बैठक बसली होती. हिरोशिमाला तीन दिवस झाले होते, आणि त्या पहाटे सोव्हिएत फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात घुसल्या होत्या. सम्राटाचे स्थान राखण्याच्या एकाच अटीवर शरण जावे असे पंतप्रधान सुझुकी, परराष्ट्रमंत्री तोगो आणि नौदलमंत्री योनाई यांचे म्हणणे होते. युद्धमंत्री अनामी आणि दोघे सेनाप्रमुख आणखी तीन अटींसाठी अडून बसले होते. बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली. त्या बातमीनंतरही मते तीन विरुद्ध तीनच राहिली. कोंडी फुटली ती मध्यरात्रीनंतर, सम्राटाने स्वतः कौल दिला तेव्हा. तो कौल हिरोशिमामुळे दिला गेला की सोव्हिएत स्वारीमुळे, यावर अभ्यासक आजही भांडतात आणि भांडतील. मला त्या वादाचा निवाडा करता येणार नाही. पण त्या टेबलावर नागासाकीच्या सत्तर हजार माणसांचे वजन कुठे पडलेले मला दिसत नाही. नानांना मी इतकेच सांगू शकलो असतो की दुसरा बॉम्ब तयार होता, म्हणून टाकला.

दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला, ट्रुमन यांनी आपल्या स्पष्ट परवानगीशिवाय तिसरा बॉम्ब टाकू नये असा हुकूम दिला. आणखी एक लाख माणसे पुसून टाकण्याची कल्पना फार भयंकर आहे, ‘ती सगळी मुले’ मारणे आपल्याला आवडत नाही, असे ते म्हणाल्याची नोंद त्यांचे मंत्रिमंडळातले सहकारी हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत आहे. या सगळ्या कागदांत मला एका माणसाने थांबून, डोळे उघडे ठेवून केलेली निवड दिसते ती इथे, आणि ती न टाकण्याची निवड आहे. तोवर दोन शहरे गेलेली होती.

ती मुले कोण होती, हे मी एकदा हिरोशिमाच्या संग्रहालयात पाहिले. तिथे काचेच्या पेटीत एक डबा आहे. लंबगोल, पत्रा वेडावाकडा झालेला, झाकण उचकटल्यासारखे, आणि आत काळा ठिक्कर कोळसा. निरखून पाहिले की कोळशात दाण्यांचा आकार दिसतो. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गातल्या एका मुलाचा तो डबा. सातू, सोयाबीन, बटाटा असे जे मिळाले ते आईने त्यात भरून दिले होते, आणि मुलाचे शरीर तिला सापडले तेव्हा डबा त्याच्या पोटाखाली होता. अशी आठ हजारांहून अधिक शाळकरी मुले त्या सकाळी हिरोशिमात कामावर होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करायचे होते आणि पडलेल्या घरांची कौले, लाकडे उचलायला सरकारने मुले जुंपली होती. सकाळी सातनंतर धोक्याचा भोंगा झाला होता, हवामान पाहायला आलेले एकटे विमान निघून गेल्यावर साडेसातला धोका टळल्याची सूचना झाली आणि मुले उघड्यावर कामाला लागली. सव्वाआठला बॉम्ब फुटला. त्या मुलांपैकी सहा हजारांच्या आसपास मेली. त्या पेटीसमोर मी बराच वेळ उभा होतो. शेजारी एक जपानी बाई आपल्या लहान मुलीला हळू आवाजात काही सांगत होती. माझ्या मनात त्या वेळी कुठलाही युक्तिवाद नव्हता, फक्त आमच्या ओसरीवरचे वाक्य होते, आणि ते वाक्य मला त्या पेटीसमोर मोठ्याने म्हणता आले नसते.

प्रतिकूल बाजूने बोलणाऱ्या त्या भावुक मुलालाही मला काही सांगावेसे वाटले होते. जपान शरण येतच होता, बॉम्ब विनाकारण टाकला, असे म्हणणे सोपे आहे. अमेरिकेच्याच बॉम्बफेकीचा अभ्यास करणाऱ्या समितीने १९४६ मध्ये असे मत दिले की बॉम्ब, सोव्हिएत स्वारी किंवा अमेरिकी आक्रमण यांतले काहीही झाले नसते तरी जपान वर्षअखेरीआधी, बहुधा १ नोव्हेंबरच्याही आधी शरण आला असता. पण ज्या सरकारचे सहा जण दोन बॉम्ब आणि सोव्हिएत स्वारीनंतरही तीन विरुद्ध तीन अडून बसतात, आणि सम्राटाचे शरणागतीचे भाषण आकाशवाणीवर जाऊ नये म्हणून ज्याचे काही अधिकारी १४ ऑगस्टच्या रात्री राजवाड्यात घुसतात, ते सरकार शरण येतच होते असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? शाळकरी मुलांना घरे पाडायला उभे करणारे सरकारही तेच. शिवाय सीमारेषा हिरोशिमाला ओलांडली गेली, असेही नाही. ९ मार्चच्या रात्री टोकियोच्या लाकडी वस्त्यांवर आगीचे बॉम्ब टाकून लाखभर माणसे एका रात्रीत जाळली गेली होती. त्यासाठी अणुविज्ञान लागले नव्हते. शहर हेच लक्ष्य मानायची सवय त्या रात्रीपर्यंत पुरती लागून गेली होती आणि हिरोशिमाचे विमान त्याच सवयीने निघाले.

तरीही माझे मत विचाराल तर ते अनिश्चित नाही. आधी इशारा देऊन निर्जन जागी बॉम्बचे प्रात्यक्षिक दाखवावे, असे जेम्स फ्रँक आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी जूनमध्येच लिहून दिले होते. जुलैमध्ये लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञांनी सत्तर जणांच्या सह्यांचा अर्ज केला, तो ट्रुमन यांच्यापर्यंत पोहोचलाही नाही. सम्राटाच्या स्थानाबद्दल आधीच स्पष्ट बोलता आले असते. या वाटा नक्की यशस्वी झाल्या असत्या, असे मी म्हणत नाही. पण त्या चालून पाहिल्या नाहीत, आणि न चाललेल्या वाटेवर दहा लाख मेले असते असे सांगून चाललेल्या वाटेवरच्या दोन लाखांचा हिशेब चुकता करता येत नाही. नागासाकीचे तर मला कोणत्याही बाजूने समर्थन सापडत नाही. स्पर्धेचा विषय मला ठरवायचा असता, तर मी दोन्ही शहरांचे दोन वेगळे विषय केले असते.

युद्ध संपवण्यासाठी, असे आपण म्हणतो. नानांचे युद्ध हिरोशिमाने संपले नव्हते, हे मला त्यांच्या अगदी उतारवयात कळले. मलायातून त्यांची ब्रिगेड जावाला पाठवली गेली. जपानने शरणागती जाहीर केल्यावर दोन दिवसांत, १७ ऑगस्टला, इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले होते, पण तिथले जुने राज्यकर्ते डच परत येऊ पाहत होते आणि मधल्या काळात बंदोबस्ताला उतरवले गेले ते आपले लोक. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरबाया शहरात त्या ४९ व्या ब्रिगेडवर सारे शहर तुटून पडले. चौकाचौकांत विखुरलेल्या तुकड्या गोळ्या संपेपर्यंत लढल्या. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबरला मारले गेले. मराठा पलटणीतली जी माणसे मलायाच्या किनाऱ्यावर मरायची वाचली होती, त्यांतली कित्येक तिथे मेली. शेजारच्या गावचा नानांचा एक जोडीदार त्यांत होता. त्याच्या घरी तार आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि युद्ध संपल्याचे पेढे वाटून तर केव्हाचे झाले होते. दोन लाख आणि दहा लाखांच्या हिशेबात तो कुठेच धरला जात नाही.

सुरबायाची गोष्ट नाना पोरांना सांगत नसत. मी फार मागे लागलो तेव्हा एकदाच बोलले. समोरून आलेल्या पोरांच्या हातांत बांबूचे भाले होते, काहींकडे जपान्यांनी टाकलेल्या बंदुका होत्या, ती ओरडत पुढे येत होती आणि पडत होती. “आपल्यासारखंच राज मागत व्हती,” ते म्हणाले, “आन् आमाला त्यांच्यावर गोळी घालायला लावली.” मग त्यांनी विचारले की ते दोन बॉम्ब टाकले तेव्हा या लढाईचे कुणी ठरवले होते का. मी नाही म्हणालो.